निर्जन खडकांसाठी देश एवढे का भांडतात? आणि शेवटी निकाल कशावर लागतो?

पेठेतला_अभ्यासू

नमस्कार मंडळी. राज्यसेवेची तयारी करतोय, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत असतो. परवा टपरीवर रामेश्वरमसमोरच्या कच्चतीवू बेटावरून आमच्यात जोरात वाद झाला. एकजण म्हणाला आपलं बेट श्रीलंकेला देऊन टाकलं, दुसरा म्हणाला ते कधी आपलं ठरलंच नव्हतं तर देऊन टाकलं कसं म्हणणार, आणि मग फॉकलंड, सेन्काकू, चागोस सगळंच निघालं. रूमवर येऊन वाचत बसलो तर डोकं अजूनच फिरलं, कारण प्रत्येक देशाचं म्हणणं तेच, आमच्याकडे जुना नकाशा आहे, आमच्याच माणसाने आधी बघितलं, आमच्याच किनाऱ्याला जवळ आहे.

ज्या खडकावर गोडं पाणी नाही, माणूस राहत नाही, त्याच्यासाठी युद्धापर्यंत का जातात? हे तेलामुळे आत्ता आत्ता सुरू झालंय का आधीपासून आहे? आणि कोर्टात गेलं तर कोर्ट नेमकं काय बघतं? क्लासच्या नोट्समध्ये नुसती नावं आणि सालं आहेत, कारण कुठेच नाही. कुणी नीट सांगेल का, लांब लिहिलं तरी चालेल.

डेक्कनवाला

सोपं आहे, ज्या देशाच्या जवळ बेट त्याचं. नकाशावर पट्टी लावून मोजा. बाकी सगळं राजकारण.

कोथरूडची_वकील

नाही हो, जवळ असणं हा निकष कोर्टं मानत नाहीत, आणि हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेलंय. मी दिवाणी कोर्टात जमिनीच्या केसेस चालवते, आंतरराष्ट्रीय कायदा एलएलएमला शिकले आणि तेव्हापासून हा विषय सोडवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाल्मास नावाचं एक बेट आहे, आज इंडोनेशियात आहे आणि त्याला मियांगास म्हणतात. फिलिपिन्सच्या मिंडानाओच्या दक्षिणेला, लांबी जेमतेम तीन किलोमीटर. १८९८ च्या पॅरिसच्या तहात स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला दिलं, तेव्हा तहात जी चौकट आखली होती तिच्या आत हे बेट येत होतं, त्यामुळे अमेरिकेने गृहीत धरलं की हेही आपलं. १९०६ मध्ये जनरल लिओनार्ड वुड पाहणीला गेले तर तिथे डच झेंडा फडकत होता. प्रकरण लवादाकडे गेलं, एकच लवाद, स्वित्झर्लंडचे मॅक्स ह्यूबर, आणि ४ एप्रिल १९२८ ला निकाल आला. अमेरिकेचे मुद्दे तुम्ही लिहिलेत तेच होते, स्पेनने आधी शोधलं आणि बेट आमच्या बाजूला जवळ आहे. ह्यूबर यांनी दोन्ही बाजूला सारले. नुसतं शोधून काढल्याने मिळतो तो अर्धवट हक्क, तो पुरा करायचा तर तिथे सलग, शांतपणे, उघडपणे राज्य चालवून दाखवावं लागतं. डचांकडे काय होतं, तर सांगिहे बेटांवरच्या स्थानिक राजांशी त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६७७ पासून केलेले करार, आणि पाल्मासवरून वसूल केलेला कर. आणि स्पेनचाच हक्क पुरा नव्हता तर स्पेन तो अमेरिकेला देणार कुठून?

आपल्याकडे बांधाच्या केसमध्ये कसं असतं, एकजण म्हणतो माझ्या आजोबांनी हे रान बघितलं होतं, दुसरा पिढ्यान्‌पिढ्या सारा भरल्याच्या पावत्या टेबलावर ठेवतो. बेटांचं अगदी तसंच. वहिवाट कुणाची?

आणि ही वहिवाट इतक्या किरकोळ कागदांवरून सिद्ध होते की वाचताना थक्क व्हायला होतं. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये मिंकिए आणि एक्रेहो नावाच्या खडकांवरून वाद होता, दोन्ही बाजूंनी थेट मध्ययुगातले दस्तऐवज काढले, पण १९५३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की मध्ययुगातल्या घटनांवरून काढलेल्या अंदाजांपेक्षा प्रत्यक्ष ताब्याचा पुरावा महत्त्वाचा. तो पुरावा काय होता? खडकांवर वाहून आलेल्या मृतदेहांचे जर्सी बेटाच्या अधिकाऱ्यांनी केलेले पंचनामे, तिथल्या झोपड्यांवर लावलेली घरपट्टी, खरेदीविक्रीच्या नोंदी. यावर ते खडक इंग्लंडला मिळाले, एकमताने. 

तसंच सिपादान आणि लिगितान या बेटांचं. इंडोनेशिया विरुद्ध मलेशिया, निकाल १७ डिसेंबर २००२, सोळा विरुद्ध एक मतांनी मलेशियाच्या बाजूने. जुने करार आणि नकाशे कोर्टाला कुणाच्याच बाजूने पुरेसे वाटले नाहीत. मग उरलं काय, तर कासवाची अंडी गोळा करायला परवानगी लागेल असा ब्रिटिशांचा १९१७ चा नियम, १९३३ मध्ये सिपादानवर जाहीर केलेलं पक्ष्यांचं राखीव क्षेत्र, आणि १९६२-६३ मध्ये उभारलेली दोन लाइटहाउसं. त्या काळात इंडोनेशियाने यातल्या कशालाही हरकत घेतली नव्हती, हे कोर्टाने मुद्दाम नोंदवलंय.

पेठेतला_अभ्यासू

ताई, हे कमाल आहे. कासवाची अंडी! मग आज एखाद्या देशाने पटापट झेंडा लावला, हॉटेल बांधलं, पोलीस चौकी उघडली तर ती पण वहिवाट धरतील का?

कोथरूडची_वकील

नाही, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. वाद ज्या दिवशी उघड झाला ती तारीख कोर्ट पक्की करतं, तिला क्रिटिकल डेट म्हणतात. त्यानंतर आपली बाजू बळकट करायला मुद्दाम केलेली कामं मोजली जात नाहीत, आधीपासून चालत आलेलं काम तसंच पुढे चालू राहिलं असेल तर गोष्ट वेगळी. सिपादानच्या बाबतीत ती तारीख १९६९ धरली, त्यामुळे मलेशियाने नंतर तिथे जे स्कूबा डायव्हिंगचं पर्यटन वाढवलं ते कोर्टाने विचारात घेतलं नाही. आज टीव्हीवर आपण बघतो ना, बोटी पाठवल्या, झेंडे रोवले, नवीन नकाशे छापले, त्यातलं बहुतेक घरच्या लोकांना दाखवण्यासाठी असतं, कोर्टात त्याचा उपयोग फार कमी. ज्या कारकुनाने १९१७ मध्ये अंड्यांचा नियम लिहिला असेल त्याच्या मनात सार्वभौमत्व वगैरे काही नसणार, आणि म्हणूनच तो पुरावा इतका भक्कम ठरला.

एक पुस्ती जोडते. बेट पूर्ण निर्जन असेल तर फार थोडी वहिवाट पुरते. पॅसिफिकमधल्या क्लिपर्टनवर फ्रान्सने १८५८ मध्ये जहाजावरूनच हक्क जाहीर केला, होनोलुलूच्या एका पेपरात तसं छापून आणलं, आणि पुढे कित्येक वर्षं तिकडे फारसं कुणी फिरकलंही नाही. १८९७ मध्ये मेक्सिकोने गनबोट पाठवून आपला झेंडा लावला. लवाद म्हणून इटलीचे राजे तिसरे व्हिक्टर इमॅन्युएल यांना नेमलं आणि १९३१ मध्ये त्यांनी बेट फ्रान्सला दिलं, कारण तिथे विरोध करायला दुसरं कुणी नव्हतंच आणि फ्रान्सने हक्क सोडल्याचं कुठे दिसत नव्हतं. मला स्वतःला हा निकाल पाल्मासच्या मानाने कच्चा वाटतो, पण कायदा म्हणून तो आजही दाखला देण्यासारखा धरतात.

औंधचा_दर्यावर्दी

वकीलताईंनी लाइटहाउसचा विषय काढला म्हणून लिहितो. मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, आता औंधात असतो. सिंगापूर सामुद्रधुनीत पूर्वेकडून शिरताना हॉर्सबर्ग लाइटहाउस लागतं, ब्रिजवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते पाठ असतं. ज्या खडकावर ते उभं आहे तो पेद्रा ब्रांका, म्हणजे किती, तर सुमारे १३७ मीटर लांब आणि सरासरी ६० मीटर रुंद. बालगंधर्वच्या आवारात मावेल एवढा असेल नसेल. या तुकड्यासाठी मलेशिया आणि सिंगापूर जवळजवळ तीस वर्षं भांडत होते.

लाइटहाउस ब्रिटिशांनी १८५१ मध्ये बांधून पूर्ण केलं, कारण त्या भागात जहाजं खडकांवर आपटून फुटायची. नाव दिलं जेम्स हॉर्सबर्ग यांचं, ईस्ट इंडिया कंपनीचे हायड्रोग्राफर, ज्यांच्या चार्टांवर पूर्वेकडची अख्खी जहाजवाहतूक चालायची. १९७९ मध्ये मलेशियाने नकाशा छापला, त्यात खडक आपला दाखवला, सिंगापूरने हरकत घेतली, प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. कोर्टाने म्हटलं की मुळात हा खडक जोहोरच्या, म्हणजे आज मलेशियात असलेल्या राज्याच्या, सुलतानाचाच होता. म्हणजे मलेशिया जिंकायला हवा ना? पण १९५३ मध्ये सिंगापूरच्या ब्रिटिश प्रशासनाने जोहोरला पत्र लिहून खडकाची माहिती विचारली होती, आणि २१ सप्टेंबर १९५३ ला जोहोरच्या प्रभारी राज्य सचिवांनी उत्तर पाठवलं की जोहोर सरकार पेद्रा ब्रांकाच्या मालकीचा दावा करत नाही. एका ओळीचं पत्र. त्याच्या जोडीला सिंगापूरने आजूबाजूच्या जहाज अपघातांच्या चौकश्या केल्या होत्या, मलेशियाच्या माणसांनाही तिथे जायला परवानगी घ्यायला लावली होती, आणि मलेशिया गप्प बसली होती. २३ मे २००८ ला बारा विरुद्ध चार मतांनी खडक सिंगापूरचा झाला. शेजारचे मिडल रॉक्स मात्र मलेशियाला, कारण त्यांच्याबद्दल त्या पत्रात काही नव्हतं. ऑफिसात बसून पत्रांना उत्तरं देणाऱ्या प्रत्येक माणसाने ही केस वाचावी असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, खडकासाठी एवढं का. भांडण खडकाचं नसतंच, त्याच्या भोवतीच्या पाण्याचं असतं. १९८२ च्या समुद्री कायद्याच्या करारानुसार बेटाभोवती १२ नॉटिकल मैल तुमची हद्द आणि २०० नॉटिकल मैलांपर्यंत मासे, तेल, वायू, तळाची खनिजं यांचा हक्क. २०० नॉटिकल मैल म्हणजे ३७० किलोमीटर, त्या त्रिज्येचं वर्तुळ काढा, सव्वाचार लाख चौरस किलोमीटरच्या वर जातं. वर ताईंनी सांगितलेलं क्लिपर्टन आहे ना, एक कंकणाकृती प्रवाळबेट, कायम वस्ती शून्य, त्याच्या जोरावर फ्रान्स ४ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर समुद्र आपला म्हणतो. आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजार ७१३.

पण हे प्रत्येक खडकाला मिळत नाही, अभ्यासूदादा हे परीक्षेसाठी लिहून ठेवा, कलम १२१ चा तिसरा परिच्छेद. ज्या खडकावर माणसाची वस्ती किंवा स्वतःचं आर्थिक जीवन टिकू शकत नाही त्याला २०० मैल नाहीत, फक्त १२. ब्रिटनने १९९७ मध्ये या करारात सामील होताना अटलांटिकमधल्या रॉकॉल नावाच्या खडकावरून मोजलेला २०० मैलांचा दावा सोडून दिला. जपानने मात्र ओकिनोतोरीशिमाचे भरतीला जेमतेम डोकं वर काढणारे खडक काँक्रीटने वेढून वाचवले, आणि चीन आणि कोरिया म्हणतात हे बेट नाहीच. २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राच्या निकालात लवादाने स्प्रॅटलीमधल्या सगळ्यात मोठ्या इतू आबालाही खडकच म्हटलं, तिथे गोडं पाणी असूनसुद्धा. चीनने तो निकाल मानला नाही हे तर तुम्हाला माहीतच असेल.

मुळामुठा

दर्यावर्दी सर, मस्त लिहिलंत. फक्त एक जोडू द्या, १९८२ च्या आधीसुद्धा भांडणं होतीच, प्रत्येक काळाची हाव वेगळी होती एवढंच.

एकोणिसाव्या शतकात ती हाव पक्ष्यांच्या विष्ठेची होती. ग्वानो. युरोप-अमेरिकेच्या शेतांना खत हवं होतं, म्हणून १८५६ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की कुठल्याही अमेरिकन नागरिकाला बिनमालकीच्या, निर्जन बेटावर ग्वानो सापडला तर ते बेट अमेरिकेचं धरता येईल. त्या एका कायद्याखाली शंभरच्या आसपास बेटांवर दावे लागले. हैतीजवळचं नवासा त्यातलंच, हैती आजही ते आपलं म्हणतं. तिथे खाणीत राबवलेल्या कृष्णवर्णीय मजुरांनी १८८९ मध्ये हाल सहन न होऊन बंड केलं होतं. मग कोळशावर चालणारी जहाजं आली, त्यांना वाटेत कोळसा भरायला बेटं हवी झाली. मग समुद्राखालच्या टेलिग्राफ केबलसाठी हवी झाली. १९५५ मध्ये ब्रिटनने रॉकॉल ताब्यात घेतला तो मिसाइलसाठी, म्हणजे स्कॉटलंडच्या बेटांवरून होणाऱ्या चाचण्या तिथे बसून रशियनांनी बघू नयेत म्हणून. पूर्व चीन समुद्रातल्या सेन्काकू बेटांचं तर सरळ दिसतं, जपानने १८९५ मध्ये ती बेटं आपल्यात सामील केली, ऐन चीनशी युद्ध चालू असताना, आणि १९६८ च्या सर्वेक्षणात तिथे समुद्राखाली तेल असण्याची शक्यता पुढे आल्यावर चीन आणि तैवान दोघांनीही जोरात दावा मांडायला सुरुवात केली. चीन म्हणतो युद्धाच्या दबावात नेलेली जमीन आहे, जपान म्हणतो पाऊणशे वर्षं गप्प का होतात. ताईंच्या वहिवाटीच्या मुद्द्यावर बघितलं तर जपानची बाजू मजबूत वाटते, पण १८९५ ची ती वेळ मला तरी खटकते.

सह्याद्रीवेडा

सगळे हेग आणि पॅसिफिकमध्ये फिरताय, आपल्या दारात खांदेरी आहे त्याचं काय? अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोर, आणि मुंबई बंदरात ये-जा करणारं प्रत्येक जहाज तिथून दिसतं. म्हणूनच महाराजांची नजर त्यावर होती.

१६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी मायनाक भंडारींना माणसं आणि तोफा देऊन बेटावर उतरवलं आणि बांधकाम सुरू केलं. मुंबईच्या इंग्रजांनी निरोप पाठवला की हे बेट मुंबईचं आहे, पोर्तुगीजांकडून आमच्याकडे आलंय, निघून जा. आता गंमत बघा, म्हणजे विचार करण्यासारखी गोष्ट, मुंबईसुद्धा त्यांना १६६१ च्या लग्नाच्या तहात मिळालेली आणि त्यात नेमकी कुठली कुठली बेटं येतात यावरून इंग्रज आणि पोर्तुगीजांचंच जमत नव्हतं. म्हणजे ताईंनी सांगितलं तसं, देणाऱ्याकडे नसलेलं कुणी घेणार कसं! खांदेरीवर इंग्रजांचा ना किल्ला ना चौकी ना कर. त्यांनी नाकेबंदी केली, पहिल्याच झटापटीत त्यांचा थॉर्प नावाचा अधिकारी मारला गेला. मग १८ ऑक्टोबरला मराठ्यांचं आरमार दौलतखानाच्या हाताखाली चालून आलं, त्यात डव्ह नावाचं जहाज आपल्या हाती लागलं, रिव्हेंज हे मोठं जहाज मात्र कॅप्टन केग्विनने टिकवून धरलं. पण ती लढाई जिंकली कुणी यावर काही अवलंबून नव्हतं, कारण रात्री अंधारात लहान होड्यांतून धान्य, दारूगोळा, चुना बेटावर पोचतच होता आणि भिंत चढतच होती. इंग्रजांची मोठी जहाजं त्या उथळ पाण्यात होड्यांना अडवू शकली नाहीत. १६८० च्या जानेवारीत त्यांनी समेट करून माघार घेतली. तेवढ्यात सिद्दीने शेजारची उंदेरी घेतली आणि पुढे कित्येक वर्षं दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत राहिली.

मला यातून दिसतं ते असं की महाराजांनी दाव्याचे कागद लिहिण्यात वेळ घालवला नाही, माणसं नेऊन बसवली, तटबंदी उभी केली. हेगचं कोर्ट आज ज्याला ताबा म्हणतं तो हाच. १७१८ मध्ये गव्हर्नर चार्ल्स बूनच्या काळात इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर पुन्हा हल्ला केला, तोही फसला. शेवटी एकोणिसाव्या शतकातच बेट त्यांना मिळालं, आणि १८६७ मध्ये त्यांनी तिथे लाइटहाउस उभारलं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे. कोळी बांधवांचा वेताळदेव तिथे आहे, त्यांची वहिवाट या सगळ्यांच्या आधीची असणार.

मुळामुठा

दादा, कोळ्यांची आठवण काढलीत ते फार बरं केलंत. या सगळ्या चर्चेत माझा जीव जिथे अडकतो ते सांगते. बेट निर्जन आहे असं जेव्हा जेव्हा एखादं सरकार म्हणतं तेव्हा एकदा तपासून बघायला हवं की ते निर्जन होतं का केलं गेलं.

चागोस. कन्याकुमारीपासून साधारण अठराशे किलोमीटर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या मधोमध. नारळाच्या मळ्यांवर आणलेल्या आफ्रिकन गुलामांचे आणि नंतर आलेल्या भारतीय मजुरांचे वंशज तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्यांची स्वतःची क्रिओल बोली, चर्च, स्मशानं सगळं होतं. १९६५ मध्ये ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून वेगळी काढली, मॉरिशसला त्यापोटी तीस लाख पौंड दिले, आणि १९६८ मध्ये मॉरिशस स्वतंत्र झालं तेव्हा बेटं ब्रिटनकडेच राहिली. अमेरिकेला दिएगो गार्सियावर लष्करी तळ हवा होता. १९६७ ते १९७३ या काळात तिथली सगळी, दीड ते दोन हजार माणसं हलवली. औषधपाण्याला मॉरिशसला गेलेल्यांना परतीचं जहाज मिळालं नाही, मग किराणा येणं कमी केलं, शेवटी उरलेल्यांना बोटीत भरून मॉरिशस आणि सेशेल्सला सोडलं. त्यांची पाळलेली कुत्री गॅस सोडून मारली. आणि कागदावर लिहिताना ही माणसं कायमची रहिवासी नव्हतीच, करारावरचे मजूर होते, असं दाखवायचा प्रयत्न झाला. म्हणजे सारं भांडण ज्या वहिवाटीवर चालतं ती खऱ्या माणसांची वहिवाट होती तिथे ती पुसून टाकली.

२५ फेब्रुवारी २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लामत दिलं की वेगळं काढणंच बेकायदा होतं, ब्रिटनने ताबा लवकरात लवकर सोडावा. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठरावाच्या बाजूने ११६ आणि विरोधात फक्त ६ मतं पडली, भारत ११६ मध्ये होता. २२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या, त्यात बेटं मॉरिशसची आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे. पण दोन सरकारांच्या या करारात चागोसच्या लोकांना कुणी टेबलावर बसवलं नाही, त्यांच्यातल्या कित्येकांची तीच तक्रार आहे आणि दिएगो गार्सियावर राहायला परत जाण्याचा हक्क त्यांना त्यात मिळालेला नाही. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर उलट, तिथल्या लोकांना विचारलं गेलं. २०१३ च्या सार्वमतात १,५१३ जण ब्रिटनकडे राहायच्या बाजूने आणि तिघे विरोधात. १९८२ च्या युद्धात अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले, बेटावरच्या तीन बायका गेल्या. अर्जेंटिना म्हणतं १८३३ मध्ये आमच्या लोकांना हाकलून तुम्ही आपली माणसं वसवली, त्यांचं मत कसलं घ्यायचं. त्या आक्षेपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, पण पिढ्या गेल्यात हो मधे, आणि दोन्हीकडे माणसंच आहेत, एकीकडे गोरी होती म्हणून विचारलं आणि दुसरीकडे काळी होती म्हणून बोटीत भरलं, हे विसरता येत नाही.

पेठेतला_अभ्यासू

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ताई, आता कच्चतीवूचं सांगाल का, वहिवाटीच्या नियमाने ते कुणाचं?

कोथरूडची_वकील

कोर्टात गेलंच नाही ते, त्यामुळे निकाल असा नाही, पण दोन्ही बाजूंचे कागद सांगते. २८५ एकरांचं बेट, रामेश्वरमपासून तीसेक किलोमीटर. आपल्या बाजूला रामनाडच्या राजांची जमीनदारी आणि त्यांनी दिलेले भाडेपट्टे. श्रीलंकेच्या बाजूला जुनी मोजणी, नकाशे आणि जाफनाच्या धर्मप्रांताखाली चालणारं सेंट अँथनीचं चर्च. मद्रास आणि सिलोन सरकारांची १९२१ मध्ये हद्दीची बोलणी झाली तेव्हापासून हा प्रश्न लोंबकळत होता. जून १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि सिरिमाव्हो बंदरनायके यांनी पाल्कच्या सामुद्रधुनीत हद्द आखली आणि बेट पलीकडे गेलं. सरकारची भूमिका कायम अशी की हद्द आधी ठरलेलीच नव्हती म्हणून ही जमीन देणं होत नाही. विरोधकांचं म्हणणं की रामनाडची वहिवाट होती, आणि बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये सांगितलंय की प्रदेश द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते. २००८ मध्ये जयललितांनी याच मुद्द्यावर याचिका केली. मला विचाराल तर जमीनदारीचे कागद दुबळे नव्हते, आणि हेगला गेलो असतो तर निकाल काय लागला असता हे छातीठोकपणे कुणीही सांगू नये.

पण टपरीवरच्या वादात एक गोष्ट निसटते. १९७४ च्या करारात कलम ५ आहे, भारतीय मच्छीमार आणि यात्रेकरू पूर्वीसारखे बेटावर जाऊ शकतील, व्हिसा लागणार नाही. मासेमारीचा उल्लेख त्यात स्पष्ट नाही. १९७६ च्या पत्रव्यवहारात एकमेकांच्या पाण्यात मासेमारी नाही असं ठरलं, आणि त्याच वर्षीच्या करारात कन्याकुमारीजवळचा वाज बँक, मासळीने भरलेला मोठा पट्टा, भारताकडे पक्का झाला. आज रामेश्वरमची माणसं पकडली जातात ती बेटासाठी नाही, मासळीसाठी. आणि पलीकडे कोण आहे? जाफना-मन्नारचे तमिळ मच्छीमार, युद्धाच्या काळात ज्यांना समुद्रावर जायला बंदी होती, २००९ नंतर ते परत गेले तर आपल्या ट्रॉलर्सनी तळ खरवडून नेलेला. श्रीलंकेने २०१७ मध्ये बॉटम ट्रॉलिंगवर बंदी घातली. उद्या बेट परत मिळालं तरी तळाशी मासळी उरली नसेल तर त्या बोटी कुठे जाणार?

डेक्कनवाला

वाचतोय सगळं, आवडलं. एक शंका. बेटच बुडालं तर?

औंधचा_दर्यावर्दी

झालंय तसं, आपल्याच बाबतीत. १९७० च्या भोला चक्रीवादळानंतर हरियाभांगा नदीच्या मुखाशी गाळाचं बेट वर आलं, आपण न्यू मूर किंवा पूर्वाशा म्हणायचो, बांगलादेश दक्षिण तालपट्टी. १९८१ मध्ये आपण नौदलाचं जहाज पाठवून झेंडा लावला. समुद्रापासून जेमतेम दोन मीटर उंच. २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या समुद्रशास्त्रज्ञांनी सांगितलं की ते पाण्याखाली गेलं. दोन देशांतल्या समुद्री हद्दीचा वाद लवादाकडे होता, त्याचा निकाल ७ जुलै २०१४ ला आला, त्यात रेषा आखताना ते बेट आधार म्हणून धरलं नाही. जिथे ते होतं ती जागा भारताच्या बाजूला आली, पण वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटर समुद्रापैकी १९,४६७ बांगलादेशला गेला. दोन्ही देशांनी निकाल मान्य केला, आणि तिथल्या चार्टांवर आता तीच रेषा छापलेली असते.